वर्गणी झाली, वर्ग राहिला

एरंडोल हे एके काळी कागदाचे गाव होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या इंपिरियल गॅझेटियरमध्ये अंजनीकाठच्या या गावाची ओळख देताना जाड्याभरड्या देशी कागदाच्या धंद्याचा उल्लेख आहे. पूर्वी हा धंदा नावाजलेला होता, आता थोडाफार उरला आहे, असे तिथे म्हटले आहे. त्याच सुमारास, १९०१च्या जनगणनेत, देशात शंभरांत पाच-सहा माणसांनाच लिहिता-वाचता येत होते. कागद करणारे हात वेगळे आणि त्यावर लिहिणारे हात वेगळे, अशी तेव्हाची सरळ वाटणी. आज ८ सप्टेंबर, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. युनेस्कोने १९६६मध्ये हा दिवस ठरवला आणि १९६७पासून तो पाळला जातो. तालुक्यातल्या शाळांतून आज प्रभातफेरी निघेल, प्रतिज्ञा होईल, फळ्यावर रंगीत खडूने घोषवाक्य येईल आणि दुपारपर्यंत या सगळ्याचे फोटो केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतील. ज्या परिपत्रकामुळे हे सारे घडेल, त्यात ‘लोकसहभाग’ हा शब्द असणारच.

गेली कित्येक वर्षे शिक्षणावरचे एकही परिपत्रक या शब्दावाचून निघालेले नाही. आणि गेली कित्येक वर्षे दोन्हीकडून तीच तक्रार ऐकू येते. गुरुजी म्हणतात, पालक शाळेकडे फिरकत नाहीत. पालक म्हणतात, आम्हाला विचारतो कोण? दोघेही खरे बोलतात. आमच्या मते अडचण लोकांच्या इच्छेत फारशी नाही. त्यांना ज्या कामासाठी बोलावले जाते, त्या कामातच ती आहे. आपण गावाकडे पैसे मागितले, सह्या मागितल्या, कार्यक्रमाला गर्दी मागितली. कोणाला वाचायला शिकवण्याचे काम मात्र कधी नीट वाटून दिले नाही.

पैशांचे आधी बोलू, कारण तिथे गाव कमी पडलेले नाही. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांचे रूप पालटले. ज्या गावांत पाण्याच्या टाकीसाठी वर्गणी जमायला वर्ष लागते, तिथे शाळेच्या प्रोजेक्टरसाठी आठवड्यात पैसे गोळा झाले. मुंबई-सुरतेला असलेल्या पोरांनी पाठवले, दुकानदारांनी दिले, शिक्षकांनी पदरचे घातले. भिंती रंगल्या, व्हरांड्यातल्या खांबांवर बाराखडी चढली, दर्शनी भागावर देणगीदारांची नावे लागली. यात वाईट काहीच नाही. गळक्या वर्गात बसलेल्या पोराला वरचे छप्पर दुरुस्त झाले तर हवेच असते. पण त्या काळात ‘लोकसहभाग किती?’ या प्रश्नाचे उत्तर रुपयांत द्यायची सवय लागली, ती गेली नाही. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या दत्तक शाळा योजनेने तर ती पक्की केली. ठरलेला खर्च उचलणाऱ्याला पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळेच्या नावाला आपल्या पसंतीचे नाव जोडता येते. म्हणजे मोठ्याचा सहभाग पाटीवर लागतो, लहानाचा पावतीपुस्तकात. ज्याच्याकडे द्यायला संध्याकाळचा एक तास आहे पण खिशात काही नाही, त्याच्यासाठी या हिशेबात रकानाच नाही.

दरम्यान मुले वाचतात का? ‘असर’ ही घरोघर जाऊन केलेली पाहणी २००५पासून हाच प्रश्न विचारते आहे. २०२४च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्यांहून थोड्या कमी, म्हणजे ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेली मुलेही शाळेतच आहेत, त्यांची हजेरी लागते, त्यांच्या शाळांच्या भिंतीही रंगलेल्या असतील. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती, आपला जळगाव जिल्हा सुमारे ७८ टक्क्यांवर होता, आणि बायका पुरुषांच्या बऱ्याच मागे होत्या. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर सगळी भाषणे जुन्याच आकड्यावर चालतील.

कायद्याने मात्र गावाला शाळेत जागा दिली आहे, आणि ती लहान नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या २१व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायचे, विकास आराखडा करायचा, अनुदान कुठे गेले ते पाहायचे, ही समितीची कामे.

या समितीची प्रोसिडिंगची वही एकदा सावकाश उघडून पाहावी. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ठराव, सदर इतिवृत्त वाचून दाखवण्यात आले व ते सर्वानुमते कायम करण्यात आले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. मग पोषण आहाराचा खर्च, मग गणवेश, मग ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ आणि आभार. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, मुख्याध्यापकांचे. सह्यांकडे पाहिले तर काही निळ्या शाईत, काही काळ्या, काही जेल पेनाच्या, कारण सभेनंतर वही एका पोराच्या हातून घरोघर फिरलेली असते. एखाद्या नावापुढे जांभळा ठसा आणि शेजारी मुख्याध्यापकांच्याच अक्षरात ‘नि. डा. हा. अंगठा’. जिच्या अंगठ्याने इतिवृत्त कायम झाले, तिला ते वाचता येत नाही. तिच्या मुलाला वाचता येते की नाही, हा विषय वहीत वर्षभरात एकदाही आलेला नसतो. कोणी मुद्दाम टाळलेला असतो असेही नाही. छापील विषयपत्रिकेत तो बसत नाही, एवढेच.

तिने सभेला यावे तरी कसे? सभा दुपारी, शाळेच्या वेळात. त्या वेळी ती शेतात. कापसाच्या दिवसांत मजुरी किलोवर मिळते, म्हणून अर्धा दिवस गेला तर अर्ध्या दिवसाचे पैसे गेले. आणि आली तरी बोलणार कोण? घरातला कर्ता किंवा सासरा मागे उभा राहून बोलतो, ही बाब सरपंचपदापासून शाळा समितीपर्यंत सारखीच आहे. त्यातून अध्यक्षपदाच्या निवडीला ग्रामपंचायतीचे पॅनेल चिकटले की मग शाळेचा विषय संपतो आणि गटाचा सुरू होतो. एका गटाचा अध्यक्ष झाला की दुसऱ्या गटाचे पालक पुढची दोन वर्षे शाळेची पायरी चढत नाहीत. समित्यांची संख्याही इतकी झाली होती की २०२५मध्ये सरकारलाच त्यांचे एकत्रीकरण करावे लागले.

याहून अडचणीची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या वर्गातल्या लोकांना ऐकायला आवडणार नाही. सकाळी महामार्गावर एरंडोलकडे, जळगावकडे, पारोळ्याकडे निघालेल्या पिवळ्या गाड्या पाहाव्यात. कासोद्यापासून रिंगणगावापर्यंत ज्या घरांत थोडी सोय आहे, बोलायची-भांडायची ताकद आहे, तहसील कचेरीत ओळख आहे, त्या घरांची मुले त्या गाड्यांत बसून इंग्रजी माध्यमाकडे जातात. शाळेवर दबाव आणू शकणारा पालक असा गावाच्या शाळेतून निघून गेला. मागे राहिले मजुराचे पोर, आदिवासी वस्तीवरचे पोर, आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांनी आजीजवळ ठेवलेले पोर. मग तोच निघून गेलेला पालक शाळेच्या पंधरा ऑगस्टला व्यासपीठावर बसतो, पाण्याचे फिल्टर भेट देतो आणि गावातल्या अडाणीपणावर भाषण करतो. त्याच्या फिल्टरचे पाणी गोड असते, हे मान्य.

या समित्यांविषयी एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६मध्ये ‘प्रथम’ या संस्थेने अभिजित बॅनर्जी आणि एस्थर ड्युफ्लो यांच्यासह काही संशोधकांबरोबर २८० गावांत काम केले. बॅनर्जी आणि ड्युफ्लो यांना पुढे २०१९मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा त्यांची नावे आपल्याकडे घरोघर पोहोचली. जौनपुरात आढळले की ग्राम शिक्षण समितीचे अनेक सदस्य आपण सदस्य आहोत हेच जाणत नव्हते. मग काही गावांत सभा घेऊन लोकांना त्यांचे अधिकार समजावले. काही गावांत त्यापुढे जाऊन, आपल्याच मुलांची वाचनाची चाचणी कशी घ्यायची ते शिकवले. आणि काही गावांत तिसरी गोष्ट केली. गावातल्याच तरुण-तरुणींना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग घ्यायला सांगितले, बिनपगारी. निष्कर्ष असा निघाला की अधिकार समजावल्याने समिती जागी झाली नाही, शिक्षकांचे काम बदलले नाही, मुलांचे वाचन सुधारले नाही. पण वर्ग घ्यायला पोरे पुढे आली, शेकडो वर्ग उभे राहिले, आणि जी मुले त्या वर्गांना बसली त्यांचे वाचन स्पष्ट सुधारले. अर्थात बसली ती गावातली थोडीच मुले, हेही त्याच अभ्यासात आहे.

शाळा सुधारायला शिक्षकाशी, केंद्रप्रमुखाशी, पंचायत समितीशी कधी ना कधी वाईटपणा घ्यावा लागतो. गावातल्या माणसाला तो परवडत नाही. उद्या दाखला त्याच गुरुजींकडून घ्यायचा असतो. ओट्यावर दहा पोरे घेऊन बसायला कोणाशी वाकडे घ्यावे लागत नाही, आणि महिनाभरात डोळ्यांना फरक दिसतो. जौनपूरमधून आम्ही घेतो तो धडा एवढाच.

शिक्षकांची बाजू इथेच मांडली पाहिजे. २०२३मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम आले तेव्हा राज्यातल्या शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत शिक्षक रस्त्यावर आले होते ते त्याच वर्षी. अनेकांना तो आळस वाटला. आम्हाला तसे वाटत नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यातला एक शिक्षक रोज कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन माहितीत अडकलेला. त्यात निरक्षर शोधा, त्याची अॅपवर नोंदणी करा, स्वयंसेवक शोधा, त्याचीही करा, मग दोघांचे ‘टॅगिंग’ करा. बऱ्याच ठिकाणी हे टॅगिंगच साक्षरता वर्ग ठरले. पण बहिष्काराने एक प्रश्न उघडा पाडला, ज्याचे उत्तर कोणीच दिले नाही. हे काम शिक्षकाचे नाही म्हणता, मग गावात दुसरे आहे कोण? गाव त्या वेळी गप्प होते. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

आणि शिक्षक-गाव नात्यात एक खोट आहे, तिच्याविषयी सगळे जाणतात आणि सगळे गप्प असतात. शिक्षकाने मुख्यालयी राहावे असा नियम, घरभाड्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडावा अशी अट. बहुतेक शिक्षक जळगाव, अमळनेर, एरंडोलहून मोटारसायकलने येतात आणि तेही समजण्यासारखे आहे, कारण त्यांच्या मुलांच्या शाळा तिथेच असतात. मग जो गावात राहत नाही तो राहतो असा ठराव गाव करते. त्या ठरावाच्या बदल्यात कोण काय बोलणार नाही, हेही ठरून जाते. ज्या दोघांनी भागीदारी करायची त्यांची पहिली संयुक्त कृतीच खोटी असेल, तर पुढे समितीच्या सभेत खरे बोलणे कसे व्हायचे?

मोठ्या माणसांच्या साक्षरतेकडे वळू. सध्याचा कार्यक्रम आहे ‘उल्लास’, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७. पंधरा वर्षांवरील पाच कोटी माणसांना साक्षर करायचे, त्यासाठी एकूण तरतूद १,०३७ कोटी ९० लाख रुपये. भागाकार केला तर माणशी सुमारे २०८ रुपये येतात, पाच वर्षांच्या कार्यक्रमात. एका माणसाला आयुष्यभराची अक्षरओळख द्यायला एवढे पैसे. बाकीचे सगळे स्वयंसेवकाच्या चांगुलपणावर. शेवटी दीडशे गुणांची चाचणी, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी पन्नास. आपल्या राज्यात पहिली चाचणी १७ मार्च २०२४ला झाली. त्याच्या दीड महिना आधी, २ ते ४ फेब्रुवारीला, शेजारच्या अमळनेरात ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. ग्रंथदिंडी निघाली, गाळ्यांवर पुस्तके खपली, सबंध खानदेशाला अभिमान वाटला. मार्चच्या त्या रविवारी नातवाचे बोट धरून परीक्षेला आलेल्या आज्यांचे फोटो छापून आले आणि सोमवारी विषय संपला. संमेलनाच्या मांडवातून त्या परीक्षा केंद्राकडे जाणारी वाट कोणी आखली नव्हती. वाचनालये, प्रकाशक, लेखक, महाविद्यालये, सगळी मंडळी संमेलनाच्या दिवसांत जिल्ह्यात होती.

निरक्षर बाई वर्गाला येत नाही याची कारणे सरकारी अहवालात ‘उदासीनता’ या एका शब्दात गुंडाळतात. उदासीन बाई सेतू केंद्रासमोर पहाटे रांग लावत नाही. २०२४मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले जात होते तेव्हा एरंडोलसारख्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ते दृश्य होते. आधार कार्ड, पासबुक आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. तिची पाळी आली की ती फोन सरळ काउंटरवरच्या पोराच्या हातात देते. ओटीपी आला की तो पोरगाच वाचतो, तोच टाकतो, कशाला संमती दिली तेही त्यालाच ठाऊक. तिला आकडे ओळखता येतात. आकड्यांच्या वर जे लिहिले आहे, ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका’, ते येत नाही. गरज यापेक्षा आणखी किती उघडी असावी? पण साक्षरता वर्गाचे पुस्तक हाती घेतले तर त्यात बहुधा कमळ आणि बदक. तिच्या हातातल्या पासबुकावरचा ‘जमा’ आणि ‘नावे’ शिकायला ती उद्या येईल. कमळासाठी रात्री आठला, भाकऱ्या थापून, भांडी घासून, का यावे?

त्यातून लाज. शेजारणीसमोर पाटी धरायची, आणि शिकवणार कोण, तर नात्यातली नववीतली पोरगी. सुनेसमोर सासू चुकणार नाही, ती वर्गालाच जाणार नाही. शिवाय घरात वाचणारे कोणीतरी असतेच. नातू बसची पाटी वाचतो, मुलगी औषधाची चिठ्ठी वाचते, व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला की लिहायचेही राहत नाही. अशा उसन्या अक्षरांवर घर चालते. खानदेशाला याचे सर्वांत मोठे देणेही मिळाले आहे. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२मध्ये ती छापून आली, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी. २०१८पासून जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. त्यामुळे आपल्याकडे निरक्षरतेचे कौतुक करायची एक खोड पडली आहे, ‘शिकली नाही तरी बघा’ म्हणायची. घरात टिपून घेणारा सोपानदेव सगळ्यांना लाभत नाही.

भाषेचा अडसर वेगळाच, आणि तो पहिलीतल्या पोराला आणि साठीच्या आजीला सारखाच लागतो. घरात अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी. पोर ‘मी शाळामा जास’ म्हणते आणि वर्ग हसतो, कधी कधी गुरुजीही. वस्तीवर भिली किंवा पावरी, गावात उर्दूची शाळा वेगळी आणि तिची समितीही वेगळी. दोन्ही समित्या एकाच गावातल्या मुलांविषयी बोलतात, पण एकत्र बसल्याचे क्वचितच दिसते. ज्या गावाने एके काळी कागद केला, तिथे अक्षरांची तरी अशी वाटणी नको होती.

इतिहास पाहिला तर महाराष्ट्राने याहून मोठे काम करून पाहिले आहे. १९५९मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, १९६१पासून ती राज्यभर नेली. शाळामास्तर आणि गावातली शिकलेली पोरे रात्री वर्ग घेत, कंदील लोकांचे, जागा लोकांची. सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ, मिरवणूक, शपथ. गावागावांत चुरस लागली. आणि मग? समारंभ झाला की वर्ग बंद. नवसाक्षराच्या हातात वाचायला काही उरले नाही, आणि दोन-चार वर्षांत बरीच माणसे परत अंगठ्यावर आली. ५ मे १९८८ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, १९९०मध्ये केरळातला एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर जाहीर झाला, मग सगळीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा साक्षरता समित्या, कलापथके, भिंतीवरच्या घोषणा. पुढे तेच. आता ९५ टक्क्यांना ‘पूर्ण साक्षर’ म्हणायचे ठरले आहे. गोव्याने ३० मे २०२५ला ते जाहीरही केले. जाहीर करण्याची घाई असली की समारंभ हेच कामाचे टोक होऊन बसते. वाचन टिकायला समारंभानंतरची पाच वर्षे लागतात, आणि त्या पाच वर्षांना निधी नसतो, फोटो नसतो, पाहुणा नसतो.

साने गुरुजींना हे कळले होते. अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. मुलांना वाचायला यावे एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. रोज सकाळी वाचायला नवे, आपल्याविषयीचे काहीतरी हवे, हे ते जाणत होते. आज गावात छपाईपेक्षा स्वस्त साधने आहेत, पण नवसाक्षर बाईसाठी मोठ्या अक्षरात गावाची एक पानभर बातमी कोणी काढत नाही. वाचनालय आहे तिथे सकाळी पुरुष पेपर वाचतात, दुपारनंतर स्पर्धा परीक्षेची मुले बसतात. बाई त्या दारातून आत गेलेली आम्ही तरी पाहिली नाही.

वाचनालय खुले करता येईल, पण ते येते उच्च व तंत्र शिक्षण खात्याच्या ग्रंथालय संचालनालयाकडे. साक्षरता वर्ग शालेय शिक्षण खात्याचा. अंगणवाडी महिला व बालविकासाची. ‘उमेद’चे बचत गट, जिथे दर आठवड्याला बायका आपणहून जमतात, हिशेबाची वही उघडतात आणि सचिव सगळ्यांच्या वतीने लिहिते, ते ग्रामविकासाचे. एरंडोल शहरात आलात तर नगरविकास खाते. पाचशे पावलांच्या आत ही सगळी माणसे काम करतात आणि त्यांना एकत्र बसवायला कोणाचेच परिपत्रक नाही. बचत गटाची ती हिशेबाची वही हे तालुक्यातले सर्वांत चांगले साक्षरता पुस्तक आहे. गटाच्या सभेतला शेवटचा अर्धा तास अक्षरांना दिला आणि दर महिन्याला नव्या सदस्याने इतिवृत्त लिहायचे ठरवले, तर वेगळा वर्ग, वेगळी जागा, वेगळी लाज यांतले काही लागत नाही. पण मग त्या बाया कुठल्या खात्याच्या यादीत धरायच्या, हा पेच आहेच.

याच गावांना एकत्र काम करता येत नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने अखंड हरिनाम सप्ताह पाहावा. सात दिवस, चोवीस तास वीणा खाली ठेवायची नाही. मंदिराच्या भिंतीवर तक्ता लागतो. कोणत्या दिवशी पंगत कोणाची, कीर्तनकाराला आणायला गाडी कोणाची, आणि पहाऱ्याला कोणाचे नाव किती ते किती. रात्री दोन ते चार या पाळीलाही नाव असते आणि तो माणूस येतो. ग्रामपंचायतीत एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन गट एका पंगतीत वाढतात. वर्गणी तिथेही असते, पण कोणी वर्गणी देऊन सुटत नाही. काम नावाला आणि तासाला बांधलेले असते, आणि चुकले तर गावाला दिसते. सप्ताहात सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण चालते तेव्हा ज्यांना वाचता येत नाही त्या बायका मागे ऐकत बसतात. हरिपाठाची छोटी पोथी आपली आपल्याला वाचता यावी, अशी इच्छा त्यांच्यातल्या किती जणींनी बोलून दाखवली आहे! एकाही साक्षरता अधिकाऱ्याने आजवर ही इच्छा हिशेबात घेतलेली नाही. उर्दू मोहल्ल्यातल्या बाईची इच्छा वेगळ्या पुस्तकाची असेल, तीही घ्यावी.

शाळेला आणि साक्षरतेला असा तक्ता कधी मिळाला नाही. मिळाले ते ‘सर्वांनी सहकार्य करावे’. सर्वांनी म्हणजे कोणीच नाही. निवृत्त शिक्षक पारावर बसून आहेत, बी.ए. झालेल्या सुना घरात आहेत, अकरावी-बारावीच्या मुली दुपारी मोकळ्या आहेत. त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणून अॅपवर नोंदवण्यापेक्षा, मंगळवार आणि शुक्रवार, रात्री साडेआठ, अमुक गल्ली, या पाच बाया, ही चार मुले, असे सांगितले तर यातल्या निम्म्या जणी नाही म्हणणार नाहीत. सुनेसमोर सासूला बसवायचे नाही, दुसऱ्या गल्लीतल्या सुनेकडे पाठवायचे, एवढी अक्कल गावाला परिपत्रकाशिवाय असते. गावातली मुले वाचतात का, हेही गावानेच वर्षातून दोनदा ओट्यावर बसून पाहावे. ते पाहायला एक परिच्छेद आणि दोन मिनिटे लागतात. शाळेशी भांडायला मग आकडा हाती असेल, आणि कदाचित भांडावे लागणारही नाही.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. बागायती कापूस तोवर फुटू लागतो, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या की निम्मी वस्ती रिकामी होते. म्हणजे वर्गाचे दिवस गावाच्या पिकावरून ठरवावे लागतील. जून ते सप्टेंबर एक फेरी, वेचणीच्या दिवसांत फक्त रात्रीची अर्ध्या तासाची, आणि मार्चच्या चाचणीनंतर वर्ग बंद न करता पुन्हा जूनपर्यंत. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत साक्षरतेचा विषय यंदा आला तर ग्रामपंचायत अधिकारी ठराव लिहितील, सूचक आणि अनुमोदक मिळतील. त्या दोन नावांखाली तिसरी ओळ लिहून घ्यावी, वर्ग कोण घेणार, कोणत्या वारी, कोणाच्या ओट्यावर. आणि ती ओळ सभा उठण्यापूर्वी भरलेली असावी, वही घरोघर पाठवून नाही.